यादीतून नोंदीकडे : भारतीय विज्ञानशोधातील एका छोट्या पायरीचा इतिहास

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ या क्रमांकाचे एक पेटंट मंजूर केले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. भारतातील कोणत्याही घरात बोट कापले की आधी हात हळदीच्या डब्याकडे जातो. तरीही एका दूरच्या कार्यालयाच्या दप्तरी ही गोष्ट ‘नवा शोध’ म्हणून दाखल झाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, या पेटंटला आव्हान दिले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते.

त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ वापर किंवा तोंडी परंपरा पुरावा म्हणून चालत नसे. छापील आधार आवश्यक होता. परिषदेने असे ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंटचे दावे रद्द ठरले.

या विजयाची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. तिच्यातला एक प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. १९५३ चा लेख छापलेला होता. ग्रंथालयांत त्याचे अंक उपलब्ध होते. मग पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तो वेळेवर का आला नाही? ज्ञान अस्तित्वात असणे ही एक गोष्ट, त्याचा मागोवा लागणे ही दुसरी, आणि मागोवा लागल्यावर नेमकी ती नोंद उघडून समोर ठेवता येणे ही तिसरी. यांतील शेवटची पायरी इतकी छोटी दिसते की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आज पडद्यावरील निकालांच्या यादीत एका ओळीवर टिचकी मारली की संपूर्ण नोंद उघडते. ही टिचकी घडवण्यामागे जवळजवळ एका शतकाचा विचार आहे, आणि त्या विचारात भारतीय ग्रंथपालांचा वाटा मोठा आहे.

तालिकापत्रांचे कप्पे

संगणकापूर्वी विज्ञानग्रंथालयांत शोध घेतला जाई तो लाकडी कप्प्यांतून. सुमारे पाच इंच लांब आणि तीन इंच रुंद अशी जाड तालिकापत्रे, त्यांच्या तळाशी एक भोक, आणि सर्व पत्रे ओवून धरणारी धातूची सळई. सळईमुळे पत्र चाळता येई, पण कोणाला ते काढून नेता येत नसे. या व्यवस्थेत ‘निकालांची यादी’ नावाचा प्रकार नव्हता. बोटाखाली जे पत्र येई, तीच यादीतील ओळ आणि तीच नोंद. वाचक पत्रामागून पत्र उलटत जाई आणि हवे ते सापडले की त्यावरील क्रमांक कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून घेई.

अडचण अशी की एकच ग्रंथ लेखकाच्या नावाखाली, शीर्षकाखाली आणि विषयाखाली अशा अनेक ठिकाणी शोधला जातो. प्रत्येक ठिकाणी संपूर्ण माहिती लिहायची म्हटली तर लेखनिकाचे श्रम कित्येक पटींनी वाढतात. शिवाय एका पत्रावर दुरुस्ती केली की बाकीची पत्रे चुकीचीच राहतात.

शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणिताचे अध्यापक होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यांतील चौथा. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली आणि १९३४ साली वर्गीकृत तालिकेची संहिता. या संहितेत तालिकेचे दोन भाग होते. पहिल्या भागात मुख्य नोंदी वर्गांकाच्या क्रमाने लावलेल्या असत. दुसऱ्या भागात लेखक, शीर्षक, विषय यांच्या आद्याक्षरांनुसार लहान निर्देशी नोंदी असत. निर्देशी नोंद थोडक्यात असे. ती वाचकाला ग्रंथाचा बोधांक देई आणि त्या बोधांकावरून मुख्य नोंदीपर्यंत व ग्रंथापर्यंत पोहोचता येई.

या योजनेचा सारा भार एका अटीवर होता. प्रत्येक ग्रंथाचा बोधांक दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाच्या बोधांकाहून वेगळा हवा. दोन ग्रंथांना एकच अंक मिळाला तर निर्देशी नोंद वाचकाला दोन दारांसमोर उभे करून निघून जाते. म्हणून रंगनाथनांनी वर्गांकाला ग्रंथांकाची जोड दिली आणि बोधांक एकमेव राहील याची काळजी घेतली. लहान नोंद, तिच्यातील क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून उघडणारी मोठी नोंद : आजच्या डेटाबेसच्या फॉर्ममागची कल्पना या कागदी रचनेत स्पष्ट दिसते.

सारसंग्रहांची नियतकालिकेही याच रीतीने चालत. १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत ‘इन्सडॉक’ हे राष्ट्रीय विज्ञान-प्रलेखन केंद्र स्थापन झाले. १९६५ पासून या केंद्राने भारतीय संशोधनाचे सारांश देणारे ‘इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’ सुरू केले. अशा नियतकालिकांत सारांशाला क्रमांक असतो आणि सूचीत शब्दापुढे तो क्रमांक छापलेला असतो. विद्यार्थी आधी सूची पाही, क्रमांक टिपे, मग पाने उलटून सारांश गाठी. टिचकी नव्हती, पण पायऱ्या त्याच होत्या.

जागा आणि ओळख

यंत्रे आली तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. संगणकाच्या फाइलमध्ये नोंदी एकामागून एक साठवलेल्या असतात. त्यांतील एखादी उघडायची तर ती दर्शवायची कशी? सोपा मार्ग म्हणजे जागा सांगणे : ‘पाचवी नोंद उघड.’ पण एखादी नोंद वगळली गेली किंवा नोंदी वेगळ्या क्रमाने लावल्या, तर पाचव्या जागी दुसरेच काही येते.

१९७० साली आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी संबंधाधारित डेटाबेसची संकल्पना मांडणारा निबंध लिहिला. त्यात त्यांनी या जुन्या सवयीवर नेमके बोट ठेवले. माहिती वापरणाऱ्याला साठवणीच्या क्रमावर विसंबून राहावे लागू नये, कोष्टकातील ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा, आणि प्रत्येक ओळ तिच्या अंगच्या मूल्यांवरून ओळखता यावी, हा त्यांचा आग्रह होता. ओळख पटवणाऱ्या त्या रकान्याला पुढे प्राथमिक कळ हे नाव रूढ झाले. रंगनाथनांचा बोधांक आणि कॉड यांची प्राथमिक कळ यांचे काम एकच : वस्तूला तिच्या जागेपासून स्वतंत्र अशी ओळख देणे.

नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि वैयक्तिक संगणक हळूहळू कार्यालयांच्या व प्रयोगशाळांच्या आवाक्यात येऊ लागले. त्यांच्याबरोबर डीबेस आणि नंतर फॉक्सप्रो ही सॉफ्टवेअर आली. पगारपत्रके, भांडारातील साठा, विद्यार्थ्यांच्या नोंदी असे बरेच काही त्यांत भरले गेले. या साधनांत प्रत्येक नोंदीला एक अनुक्रमांक असे, पण तो फाइलमधील जागेचा अनुक्रमांक होता. नोंद वगळली की आधी तिच्यावर फक्त खूण होई. पुढे ‘पॅक’ ही आज्ञा दिली की खूण केलेल्या नोंदी खरोखर नाहीशा होत आणि त्यांच्या मागच्या साऱ्या नोंदींचे अनुक्रमांक पुढे सरकत. काल १२० या क्रमांकावर असलेली नोंद आज ११७ व्या जागी सापडे. ज्याने वहीत ‘१२०’ असे लिहून ठेवले असेल, तो चुकीच्या नोंदीसमोर जाऊन उभा राही. चूक झाल्याचे यंत्र सांगत नसे, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक झालेलीच नसे. एकशे विसावी नोंद मागितली, ती दिली.

पॅरिसहून आलेल्या डिस्का

विज्ञानग्रंथालयांची गरज पगारपत्रकाहून निराळी होती. एका लेखाला एक लेखक असतो, दुसऱ्याला सात. एकाचा सारांश दोन ओळींचा, दुसऱ्याचा पानभर. ठरावीक लांबीच्या रकान्यांत अशी माहिती बसत नाही. याच गरजेतून घडलेले एक सॉफ्टवेअर युनेस्कोकडे होते. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत मोठ्या संगणकांसाठी ‘आयसिस’ ही प्रणाली विकसित झाली होती. युनेस्कोने तिच्या आधारे ‘सीडीएस-आयसिस’ उभी केली आणि १९८५ साली तिची वैयक्तिक संगणकांवर चालणारी आवृत्ती तयार झाली. या कामात जाम्पाओलो देल बिजिओ यांचा वाटा मोठा होता. विकसनशील देशांतील ना-नफा संस्थांना ती विनामूल्य मिळे.

भारतात तिच्या वितरणाची जबाबदारी ‘निस्सात’ने घेतली. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या माहितीसाठी १९७७ साली सुरू झालेला हा राष्ट्रीय कार्यक्रम होता. निस्सातने डिस्का दिल्या, त्याचबरोबर देशभर प्रशिक्षणवर्गही घेतले. प्रयोगशाळांचे, विद्यापीठांचे, संशोधनसंस्थांचे ग्रंथपाल या वर्गांत बसून आपल्या डेटाबेसची रचना स्वतः करायला शिकले. तोवर संगणक हे अभियंत्यांचे क्षेत्र मानले जात होते. इथे मात्र कोणता रकाना ठेवायचा, कोणता शब्द सूचीत घ्यायचा आणि निकाल कसा दाखवायचा हे ग्रंथपाल ठरवत होता.

या प्रणालीची आतील रचना समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात मुख्यतः तीन प्रकारच्या फाइली होत्या. मुख्य फाइलमध्ये संपूर्ण नोंदी असत. प्रत्येक नवी नोंद दाखल होताना तिला एक क्रमांक मिळे, त्याला मुख्य फाइल क्रमांक म्हणत. दुसरी फाइल उलट सूचीची. ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी ही सूची प्रत्येक शब्दापुढे तो शब्द असलेल्या नोंदींचे क्रमांक ठेवी. शब्द कोणत्या रकान्यात आणि कितव्या स्थानी आहे हेही ती टिपून ठेवी. या दोहोंच्या मधली तिसरी फाइल म्हणजे क्रमांक आणि डिस्कवरील प्रत्यक्ष जागा यांची सांगड घालणारे एक छोटे कोष्टक.

समजा, एखाद्या संशोधकाने ‘हळद’ आणि ‘जखम’ हे दोन शब्द दिले. दोन्ही शब्द एकत्र हवेत हे सांगण्यासाठी मध्ये तारकेचे चिन्ह टंकले. प्रणाली उलट सूचीत दोन्ही शब्दांखालचे क्रमांक पाही आणि दोन्हींत समान असलेले वेगळे काढी. इथवर एकही नोंद उघडलेली नसे. पडद्यावर फक्त किती नोंदी सापडल्या तो आकडा उमटे. मग वापरणारा ‘दाखव’ अशी आज्ञा देई. तेव्हा मधल्या कोष्टकातून जागा कळे, मुख्य फाइलमधून नोंद वाचली जाई आणि ठरवलेल्या स्वरूपात ती पडद्यावर येई.

मधले कोष्टक वरवर पाहता अनावश्यक वाटते. उलट सूचीतच थेट जागा लिहून ठेवली असती तर एक पायरी वाचली असती. पण नोंदीत दुरुस्ती होऊन ती लांब झाली की जुन्या जागी मावत नाही आणि तिला दुसरीकडे हलवावे लागते. जागा सर्वत्र लिहिलेली असती, तर त्या नोंदीतील प्रत्येक शब्दापुढची जागा बदलावी लागली असती. कोष्टकामुळे फक्त एक ओळ बदलते. क्रमांक तोच राहतो. नोंद डिस्कवर कुठेही गेली तरी तिची ओळख ढळत नाही. नोंद वगळली तरी मागच्या नोंदींचे क्रमांक पुढे सरकत नसत. डीबेसमध्ये जो धोका होता, तो इथे रचनेतच टाळला गेला होता.

निकाल कसा दाखवायचा यासाठी प्रणालीत एक स्वतंत्र प्रदर्शन-भाषा होती. तिच्यात लिहिलेल्या आज्ञांनुसार लेखकांची नावे स्वल्पविरामांनी जोडली जात, शीर्षकानंतर पूर्णविराम येई, रकाना रिकामा असेल तर त्याचे नावही छापले जात नसे. एकाच डेटाबेससाठी अनेक स्वरूपे करता येत : चाळण्यासाठी एका ओळीचे, वाचण्यासाठी सविस्तर, छापण्यासाठी तालिकापत्राच्या आकाराचे. संक्षिप्त स्वरूपात काय ठेवायचे हा निर्णय ग्रंथपालाची परीक्षा पाही. फक्त शीर्षक ठेवले तर एकाच नावाच्या दोन अहवालांत वाचक फसतो. सगळेच ठेवले तर यादी यादी राहत नाही. लेखकाचे आडनाव, शीर्षक आणि वर्ष एवढे दिसले, की कोणती नोंद उघडायची हे बहुधा ठरवता येते. रंगनाथनांच्या चौथ्या नियमाचा हा पडद्यावरचा अवतार होता.

भारतीय भर

भारतीय ग्रंथालयांनी ही प्रणाली मिळाली तशी वापरून सोडून दिली नाही. तिच्यासोबत पास्कल भाषेत छोटे कार्यक्रम लिहिण्याची सोय होती. संरक्षण संशोधनाच्या ‘डेसिडॉक’ या केंद्राने निस्सातच्या प्रायोजकत्वाखाली असे कार्यक्रम लिहून ‘संजय’ हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर तयार केले. कुरुक्षेत्रावरील वृत्तान्त दुरून पाहून सांगणाऱ्या महाभारतातील संजयाचे नाव माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेला शोभणारे होते.

दुसरे आव्हान लिपीचे होते. मूळ प्रणाली रोमन अक्षरांसाठी बनलेली. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने प्रसारित केलेल्या ‘जिस्ट’ तंत्रामुळे वैयक्तिक संगणकावर भारतीय लिप्या लिहिता येऊ लागल्या. या तंत्राची मुळे कानपूरच्या आयआयटीतील संशोधनात होती. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे सांकेतांकन राष्ट्रीय मानक झाले. तरीही देवनागरी अक्षर पडद्यावर दिसणे आणि त्यावरून शोध लागणे यांत अंतर होते. कोणती चिन्हे अक्षरे मानायची याचे एक कोष्टक आयसिसमध्ये असे. या कोष्टकात मात्रांचे सांकेतांक घातलेले नसतील, तर प्रत्येक मात्रेपाशी शब्द संपला असे प्रणाली समजे. मग शब्दांऐवजी त्यांचे तुकडे सूचीत जात. नोंद डेटाबेसमध्ये असे, पडद्यावर सुबक दिसेही. पण शोधात मात्र ती कधी येत नसे. ज्ञान ‘आहे पण सापडत नाही’ या अवस्थेचे हे अगदी लहान आणि अगदी खरे उदाहरण होय.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या प्रणालीची विंडोज आवृत्ती आली. तिच्या प्रदर्शन-भाषेत दुवा घालण्याची सोय होती. आता संक्षिप्त यादीतील शब्दावर माउसने टिचकी मारून पुढची माहिती उघडणे ग्रंथपालाला स्वतः घडवता येऊ लागले. त्याच काळात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारखी सर्वसामान्य वापराची साधनेही कार्यालयांत पसरली होती. त्यांत यादीचा एक फॉर्म आणि तपशिलाचा दुसरा फॉर्म करायचा, आणि यादीतील ओळ निवडली की तिच्या ओळखक्रमांकाची चाळणी लावून तपशिलाचा फॉर्म उघडायचा, ही रीत रूढ झाली.

इथेही जुनी चूक नव्या वेशात आली. चाळणी ओळखक्रमांकाऐवजी नावावर लावली, तर एकाच नावाच्या दोन व्यक्तींच्या नोंदी एकदम उघडतात आणि समोर पहिलीच दिसते. चाळणीला जुळणारी नोंदच नसेल आणि फॉर्मला नव्या नोंदी घेण्याची मुभा असेल, तर कोरा फॉर्म उघडतो. घाईत असलेला माणूस समजतो की माहिती पुसली गेली, आणि ती पुन्हा भरतो. एका वस्तूच्या दोन नोंदी होतात. पुढे एकीत दुरुस्ती होते, दुसरी तशीच राहते. रुग्णालयातील तपासण्या असोत, बियाणांच्या वाणांची नोंद असो की संग्रहालयातील जीवाश्म असोत, अशी दुहेरी नोंद पुढच्या संशोधकाला चुकीच्या निष्कर्षापर्यंत नेऊ शकते. म्हणून जाणकार रचनाकार आधी जुळणारी नोंद आहे का ते तपासतो, नसेल तर तसे स्पष्ट सांगतो, आणि मगच फॉर्म उघडतो.

स्थलांतराच्या काळात आणखी एक धडा मिळाला. आयसिसमधील नोंदी आंतरराष्ट्रीय मानकाच्या स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरता येत, पण नव्या ठिकाणी त्यांना नवे क्रमांक मिळू शकत. मूळ क्रमांक हा त्या एका डेटाबेसपुरताच खरा. ज्या ग्रंथालयांनी ग्रंथाचा दाखलांक स्वतंत्र रकान्यात जपला होता, त्यांना नव्या प्रणालीतही ग्रंथ आणि नोंद यांची जोडी पटवता आली. शाईने लिहिलेल्या दाखल नोंदवहीतील तो आकडा कोणत्याही सॉफ्टवेअरहून दीर्घायुषी ठरला.

पुरावा म्हणून नोंद

हळदीच्या पेटंटवरून सुरू झालेला विचार २००१ साली मूर्त रूपात आला. सीएसआयआर आणि भारतीय चिकित्सापद्धतींचा केंद्रीय विभाग, म्हणजे आजचे आयुष मंत्रालय, यांनी पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम हाती घेतले. टीकेडीएल या नावाने ते ओळखले जाते. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील माहिती त्यात आणायची होती.

ग्रंथांची पाने जशीच्या तशी प्रतिमारूपाने साठवणे हा सोपा मार्ग होता. त्याने जतन झाले असते, पण म्यूनिकमधील पेटंट तपासनिसाला संस्कृत श्लोकाच्या चित्राचा काय उपयोग? म्हणून प्रत्येक योगाची, म्हणजे औषधी कृतीची, स्वतंत्र नोंद करण्यात आली. घटकद्रव्ये, वनस्पतींची शास्त्रीय नावे, तयार करण्याची रीत, उपयोग, मूळ ग्रंथाचा संदर्भ असे तिचे रकाने ठरले. माहिती एकदा रकान्यांत बसवली की ती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडता येई. आज या ग्रंथालयात चार लाखांहून अधिक कृतींच्या नोंदी आहेत.

वर्गीकरणाचे कामही नव्याने करावे लागले. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात औषधी वनस्पतींसाठी पूर्वी जेमतेम जागा होती. साऱ्या वनस्पती जवळजवळ एकाच खणात. एवढ्या मोठ्या खणातून निघणारी यादी इतकी लांब होते की ती कोणी उघडून पाहत नाही. भारताने पारंपरिक ज्ञानासाठी सुमारे २५,००० उपगटांचे स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही वनस्पतिजन्य औषधांसाठी सविस्तर उपगट आले. रंगनाथनांच्या देशाने हे काम करावे यात एक सुसंगती आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी या ग्रंथालयाच्या वापराचा करार झाला. पुढे अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांची पेटंट कार्यालये जोडली गेली. करारातील एक अट या निबंधाच्या विषयाशी थेट निगडित आहे. तपासनिसाने ग्रंथालयातील माहिती बाहेर उघड करायची नाही. अर्जदाराचा दावा फेटाळताना आधार म्हणून तो फक्त संबंधित नोंदीची छापील प्रत अर्जदाराला देऊ शकतो.

म्हणजे पेटंटच्या वादात ‘हळद या शब्दावर इतके निकाल मिळाले’ या वाक्याला काहीच किंमत नाही. किंमत आहे ती त्या एका नोंदीला : अमुक द्रव्ये, अमुक कृती, अमुक उपयोग, अमुक ग्रंथ. यादी शोधणाऱ्याला दिशा देते. न्याय मिळतो तो उघडलेल्या नोंदीवर.

ही बंदिस्त व्यवस्था संशोधकांना मात्र गैरसोयीची होती. ज्या देशाचे हे ज्ञान, तेथील विद्यार्थ्यालाही त्याचा मोजकाच नमुना पाहता येई. १७ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कार्यालयांपलीकडील वापरकर्त्यांना हे ग्रंथालय टप्प्याटप्प्याने, सशुल्क सदस्यत्वाने खुले करण्यास मान्यता दिली. संरक्षण आणि खुलेपणा यांतील हा तोल कुठे ठरावा यावर मतभेद राहणारच. नोंद कोणालाच उघडता येत नसेल तर ती चोरीला जात नाही, पण तिच्यातून नवे विज्ञानही उगवत नाही. चाचणी घेणाऱ्या, रेणू शोधणाऱ्या, जुना दावा खोटा ठरवू पाहणाऱ्या तरुण संशोधकालाही ती नोंद हवी असते.

विद्यार्थ्यांसाठी या साऱ्या इतिहासातून एक साधी सवय निघते. शोधाच्या निकालांची यादी आज जशी आहे तशी उद्या राहणार नाही. तिचा क्रम बदलेल, नव्या ओळी येतील, काही जातील. ‘तिसऱ्या निकालात वाचले’ ही टीप डीबेसमधील जुन्या अनुक्रमांकाइतकीच कच्ची. नोंद उघडावी, तिचा कायमचा ओळखक्रमांक टिपावा, मग तो लेखाचा डीओआय असो, पेटंटचा क्रमांक असो वा ग्रंथाचा दाखलांक, आणि मूळ मजकूर स्वतः वाचावा. शीर्षकावरून किंवा यादीतील दोन ओळींवरून संदर्भ देणे म्हणजे दार न उघडताच घरातील माणसांविषयी बोलणे.

हळदीवरचा १९५३ चा लेख चाळीसहून अधिक वर्षे ग्रंथालयांच्या फडताळांत होता. तो नाहीसा झाला नव्हता आणि कोणी दडवूनही ठेवला नव्हता. कोणीतरी तो शोधला, उघडला, वाचला आणि योग्य ठिकाणी सादर केला, तेव्हाच तो पुरावा ठरला.